मध्ययुगीन जग वर्गात कसं उभं करायचं?

नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात यंदाच तासिका तत्त्वावर लागलेल्या एका मॅडमनी विचारलं आहे. बी.ए.च्या वर्गाला साधारण इ.स. १००० ते १७५० असा जगाचा इतिहास एका सेमिस्टरमध्ये शिकवायचा आहे. मुलं मराठी माध्यमातली, निम्मी पोलीस भरतीच्या मागे, इटली दाखवा म्हटलं तर बोट आफ्रिकेवर जातं. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, याचं आपल्याले काय काम?’ तर कालक्रमाने जावं की देशवार, पोर्शन कसा संपवावा, आणि शेवटी सगळा युरोपच होऊन बसतो त्याला काय करावं?

मॅडम, मी हा पेपर नागपुरात आधी ज्युनिअरला आणि मग सीनिअरला बरीच वर्षं शिकवला. सांगतो ते त्या अनुभवावरून, पण तुमच्याकडे ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. कॉलेज स्वायत्त असेल आणि पेपर तुम्हीच काढणार असाल तर हात मोकळे. विद्यापीठाचा पेपर असेल तर प्रश्नांचा साचा ठरलेला, तपासणारा अनोळखी आणि त्याच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. कागदावरच्या तासांपैकी किती तास परीक्षा, गॅदरिंग आणि एनएसएसच्या शिबिरात जातात, यावरही बरंच ठरतं. आणि नोकरी तासिका तत्त्वावरची असताना विभागप्रमुखांच्या कानावर घातल्याशिवाय मोठे प्रयोग करू नका, हेही आताच सांगून ठेवतो.

पोर्शन मोठा आहे, हे खरं. पण मूळ दुखणं ते नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, हे तुमच्या वर्गातलं पोरगं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. त्याच वर्षी जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं, दिल्लीच्या गादीवर शाहजहान होता आणि चीनमध्ये मिंग घराणं शेवटच्या घटका मोजत होतं, हे मात्र त्याला कुणी जोडून दिलेलं नसतं. जगाचा इतिहास टांगायला त्याच्याकडे खुंट्या आहेत, आपण त्या वापरत नाही. दुसरं दुखणं गाईडांनी लावलेलं आहे. प्रत्येक घटनेची पाच कारणं, पाच परिणाम. ते कारण त्या परिणामाच्या आधी घडलं होतं का, एवढं साधंसुद्धा कुणी तपासत नाही.

म्हणून कालक्रम की देशवार, याला माझं उत्तर ‘दोन्ही नको’ असं आहे. तीन-चार धागे धरा. प्रत्येक धागा कुठेतरी आपल्या किनाऱ्याला किंवा आपल्या मातीला लागलेला असावा, आणि प्रत्येकात एखादं घोटून पाठ केलेलं विधान तपासायची संधी असावी. बाकीचा पोर्शन नोट्स देऊन, झेरॉक्स देऊन संपवा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

पहिला धागा १४५३ चा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल) घ्या. ‘तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, पूर्वेकडचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीयांना नवा सागरी मार्ग शोधावा लागला.’ हे वाक्य शाळेपासून एमपीएससीच्या नोट्सपर्यंत सगळीकडे भेटतं, आणि मुलांना ते पाठ असतं हेच त्याचं भांडवल. सहा जाड कागद घ्या. एकेकावर एकच घटना आणि तिचं साल, मोठ्या अक्षरात. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा घेतलं, १४१५. पोर्तुगीज जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशीर ओलांडून पुढे गेलं, १४३४. कॉन्स्टँटिनोपल पडलं, १४५३. बार्तोलोम्यू डायसने आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला, १४८८. वास्को द गामा केरळातल्या कालिकतला पोचला, १४९८. ऑटोमन तुर्कांनी इजिप्त घेतलं, १५१७. सहा मुलांना कागद हातात देऊन फळ्यापुढे सालाप्रमाणे उभं करा आणि ते पाठ वाक्य फळ्यावर लिहा. मग गप्प राहा.

थोडा वेळ काहीच होत नाही. मग कुणीतरी म्हणतं की पोर्तुगीज तर आधीच निघाले होते. तिथे थांबायचं नाही, पुढचा प्रश्न टाकायचा: बंद झाला तो मार्ग कोणता? नकाशा काढा. मलबारची मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तला जायची आणि अलेक्झांड्रियात व्हेनिसचे व्यापारी ती उचलायचे. इजिप्त १५१७ पर्यंत मामलुक सुलतानांकडे होतं. म्हणजे हा मार्ग ऑटोमनांच्या हाती आला तेव्हा गामाला कालिकतला येऊन एकोणीस वर्षं झाली होती. शिवाय व्हेनिसने १४५४ मध्येच सुलतानाशी तह करून व्यापार चालू ठेवला होता.

आता हमखास प्रश्न येतो, ‘मग सर, पुस्तक खोटं आहे का?’ इथे टाळी मिळवायचा मोह आवरा. पुस्तक सगळं खोटं नाही. काळ्या समुद्रातल्या जिनोआच्या व्यापाराला खरंच फटका बसला, १४७५ मध्ये त्यांचं काफा बंदर गेलं. पण ‘मार्ग बंद झाला म्हणून’ हा सांधा टिकत नाही. मग पोर्तुगीज निघाले कशाला? आणि हा प्रश्न आला की आफ्रिका आपल्या पायांनी वर्गात येते. सहारापलीकडचं सोनं त्यांना हवं होतं. मालीचा सुलतान मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव उतरला आणि पुढे बरीच वर्षं सावरला नाही. १३७५ च्या कॅटलन नकाशात तो हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दाखवला आहे. हे चित्र मोबाईलवर सहज मिळतं, ते दाखवाच. सोनं, गुलाम, मूरांशी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांशी, जुनं वैर आणि व्हेनिसच्या दलालीला वळसा घालण्याची इच्छा, असं सगळं मिळून ते निघाले.

पेपरात काय लिहायचं, हे मुलं विचारणारच आणि त्यांनी विचारावं. मी सांगायचो, पुस्तकातलं विधान आधी लिहा, मग ‘मात्र’ म्हणून दोन ओळीत सालं द्या. बिनचूक सालं दिसली की तपासणारा सहसा गुण कापत नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नात मात्र उत्तरतालिका म्हणेल तेच खरं, तिथे वाद घालू नये.

कॉन्स्टँटिनोपलच्याच निमित्ताने एक नाजूक गोष्ट उरकून घ्या. क्रुसेड (ख्रिस्त्यांची धर्मयुद्धं), तुर्क, इस्लाम हे शब्द आले की वर्गात कुजबुज सुरू होते आणि आजची भांडणं बाराव्या शतकाच्या अंगावर चढवली जातात. उपदेश केला तर पोरं मान डोलावतात, बदलत काही नाही. मी दोन गोष्टी सांगायचो. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या ख्रिस्ती सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं, म्हणजे ख्रिस्ती शहर ख्रिस्त्यांनीच लुटलं, आणि त्या घावातून ते पुरतं कधी उठलं नाही. आणि १४५३ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदची ती प्रचंड तोफ ओतून देणारा कारागीर हंगेरीकडचा, ऑर्बान नावाचा ख्रिस्ती होता. आधी तो कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाकडेच गेला होता, पण त्याचा पगार सम्राटाला परवडला नाही. मग विचारा, आपल्याकडे आदिलशाहीत, निजामशाहीत, मोगलांकडे कोण कोण चाकरी करत होतं? उत्तरं मुलंच देतात. व्हॉट्सॲपवरून आलेले दावेही याच रीतीने घ्यायचे: साल कोणतं, ठिकाण कोणतं, सांगणारा कोण.

दुसरा धागा वाऱ्याचा, आणि विदर्भातल्या वर्गात तो सगळ्यात चांगला चालतो, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या निम्म्या वर्गाने समुद्र पाहिलेला नसेल. पण मृग कधी लागतो आणि वारा कुठून सुटतो, हे शेतकऱ्याच्या पोराला आपण शिकवायची गरज नाही. फळ्यावर तीनच रेषा काढा: आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान, आपला पश्चिम किनारा. नैर्ऋत्येकडचा वारा जहाजं इकडे आणतो, हिवाळ्यात ईशान्येचा वारा परत नेतो, आणि मधले महिने व्यापारी परक्या बंदरात अडकून पडतो. अडकलेला माणूस घर करतो, लग्न करतो, मशीद किंवा देऊळ बांधतो. मलबारचे मापिळा, गुजरातचे बोहरे, मलाक्कातले गुजराती व्यापारी हे सगळं त्या अडकण्यातून समजावता येतं.

मग गामा आणा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याला वाटाड्या मिळाला आणि एप्रिल-मे १४९८ मध्ये तो सुमारे तेवीस दिवसांत मलबारला पोचला. परतताना त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही, भलत्या वेळी निघाला. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नावाचून होणाऱ्या रोगाने, माणसं पटापट मेली. हे दोन आकडे शेजारी लिहा आणि विचारा, समुद्रमार्ग ‘शोधला’ कुणी? एका तासाला माझ्या वर्गातली उमरेडकडची मुलगी म्हणाली होती, ‘सर, त्यानं वेळ न पाहता पेरलं जी.’ ते वाक्य मी पुढे अनेक वर्गांना ऐकवलं. चीनचा दर्यासारंग ‘झेंग हे’ १४०५ ते १४३३ या काळात सात मोहिमा घेऊन निघाला, त्याची जहाजं कालिकतला आली, हेही याच नकाशावर येतं. त्याला वेगळा धडा लागत नाही.

तिसरा धागा चांदीचा. इथे सुरतेपासून निघा. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, वीरजी व्होरासारख्या बड्या सावकाराची तिजोरी फुटली, हे मुलांना माहीत असतं आणि ते सांगताना वर्गाची मान ताठ असते. त्या उत्साहातच विचारा: सुरतेत एवढी चांदी आली कुठून? हिंदुस्थानात तर चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. मुलं म्हणतील व्यापारातून. कुणाच्या? आणि त्यांच्याकडे कुठून आली?

आता नकाशा एकदम अमेरिकेत उघडतो. आजच्या बोलिव्हियातला पोतोसीचा डोंगर, १५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना सापडलेली चांदी, आणि ती काढायला जबरदस्तीने पाठवलेले तिथले मूळ रहिवासी. ती चांदी स्पेनला गेली, तिथून व्यापाराच्या वाटांनी हॉलंड, लेव्हंट (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा), इराण. दुसरी वाट मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला आणि तिथून चीनला. युरोपकडे इथल्या लोकांना विकण्याजोगं फारसं काही नव्हतं, म्हणून इंग्रज आणि डच कंपन्या जहाजं भरून चांदीच आणत. परदेशी नाणं इथे आतल्या मुलखात चालत नसे. ते टाकसाळीत वितळायचं आणि त्याचा साधारण साडेअकरा ग्रॅमचा रुपया पडायचा. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की जगभर फिरून सोनं-चांदी शेवटी हिंदुस्थानात येऊन गडप होते.

ती यायची कशासाठी? मुख्यतः कापडासाठी. इथे धागा पुन्हा घरी येतो. वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांमधून बैलांच्या पाठीवर पूर्व किनाऱ्याकडे जायचा, आणि मच्छलीपट्टणच्या बाजूला विणलेलं, छापलेलं कापड जहाजावर चढायचं. यवतमाळकडचं एखादं बंजारा समाजातलं मूल वर्गात असेल तर त्याला आजोबांकडून तांड्याच्या गोष्टी विचारून आणायला सांगा. आणि एक कडू गोष्ट लपवू नका: हिंदुस्थानी कापड युरोपीय व्यापारी पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्याच्या बदल्यात माणसं विकत घेत. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या गुलामांची संख्या सुमारे सव्वा कोटी मानली जाते. जगाचा इतिहास म्हणजे दुसऱ्यांचा इतिहास, हा समज इथे आपोआप सैल होतो.

गुलामगिरीचा विषय निघाला की मलिक अंबरला सोडू नका. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मुलगा बगदादमार्गे अहमदनगरला येतो, निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, मराठा घोडेस्वार हाताशी धरून मोगलांना जेरीस आणतो आणि १६१० मध्ये खडकी वसवतो, म्हणजे पुढचं औरंगाबाद. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आता विचारा, ब्राझीलच्या उसाच्या मळ्यावरचा गुलाम असा वजीर होऊ शकला असता का? चर्चा रंगते. फक्त हिंदी महासागरातली गुलामगिरी सौम्य होती असा निष्कर्ष काढू देऊ नका. अंबर एक झाला. त्याच जहाजांवरच्या बाकीच्यांची नावंही उरलेली नाहीत.

इतकं झालं की निम्म्याहून अधिक पोर्शन अंगाखालून गेलेला असतो: क्रुसेड, ऑटोमन, आफ्रिका, भौगोलिक शोध, वसाहती, व्यापारी कंपन्या. युरोप त्यात आहे, पण पाहुण्यासारखा येतो-जातो. राहिलेल्यापैकी प्रबोधन, म्हणजे रेनेसान्स, मी दोन तासांत संपवायचो. चित्रं दाखवा, फ्लॉरेन्सचं बँकवालं मेदिची घराणं सांगा, पुढे चला. सरंजामशाहीला थोडं जपून. आपल्याकडची मुलं लगेच मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार, डोळ्यापुढे आणतात, भंडारा-गोंदियाकडची तर मामा (माजी मालगुजारी) तलाव दाखवून मोकळी होतात. पण नागपूर प्रांतातल्या मालगुजारांना मालकी हक्क इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात दिले, युरोपातल्या सरदाराची शपथ आणि लष्करी चाकरी हे प्रकरण वेगळं. फरकाचा तक्ता त्यांनाच करू द्या.

समकालीन घटनांची पट्टी भिंतीवर जरूर लावा. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा मार्को पोलो कुबलाई खानाच्या चाकरीत होता. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि त्याच वर्षी काळा मृत्यू, म्हणजे प्लेगची साथ, सिसिलीत उतरला. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंदने नागपूर वसवलं, १७०३ मध्ये रशियाच्या झार पीटरने सेंट पीटर्सबर्गचा पाया घातला. शेवटच्या जोडीवर नागपूरची पोरं खूश होतात. पण या खुंट्याच आहेत. एकाच वेळी घडलं म्हणून एकमेकांमुळे घडलं असं नाही, हे दरवेळी बजावावं लागतं. नाहीतर तुकोबा म्हणजे महाराष्ट्राचे ल्यूथर (जर्मन धर्मसुधारक), असली उत्तरं येतात आणि ती आवेशाने लिहिलेली असतात. ल्यूथरच्या मागे सॅक्सनीचा राज्यकर्ता, तिथला इलेक्टर, आणि छापखाने होते, देहूच्या वाण्याच्या मागे कोण होतं, एवढं विचारलं तरी पुरतं.

इंटर्नलचे गुण तुमच्या हातात असतात, तिथे खरा फायदा घ्या. ‘टिपा लिहा’ देऊ नका. एक घोटलेलं वाक्य द्या आणि ते नकाशा व सालांच्या आधारे एका पानात तपासायला सांगा. माझी आवडती दोन सांगतो. ‘काळ्या मृत्यूमुळे सरंजामशाही कोसळली’: पश्चिम युरोपात मजूर कमी झाले, मजुरी चढली, इंग्लंडने १३५१ मध्ये कायदा करून ती दाबायचा प्रयत्न केला, इथवर ठीक, पण पुढच्या शतकांत पूर्व युरोपात भूदासांचे पाश उलट आवळले गेले, त्याचं काय? दुसरं, ‘छपाईमुळे धर्मसुधारणा झाली’: गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या सुमारासचं, ल्यूथरचे प्रबंध १५१७ चे, मधली साठ वर्षं काय झालं? आणि तशीच मतं मांडणाऱ्या बोहेमियातल्या यान हुसला १४१५ मध्ये जाळलं, तेव्हा युरोपात छापखाना कुठे होता? गुण निष्कर्षाला देऊ नका, पुराव्याला द्या. विधान बरोबर आहे म्हणणाऱ्याला आणि चूक म्हणणाऱ्याला सारखेच गुण पडू शकतात, हे आधी जाहीर करा. नाहीतर मुलं तुमचं मत काय असेल याचा अंदाज घेत बसतात.

पहिल्या सेमिस्टरला हे सगळं अंगावर घेऊ नका. १४५३ चे सहा कागद, वाऱ्याचा नकाशा आणि एक इंटर्नल, एवढं केलंत तरी खूप झालं. चांदीचा धागा दिवाळीच्या सुट्टीत नीट वाचून पुढच्या वर्षी घ्या. त्याला तयारी जास्त लागते आणि मध्येच कुणी ‘रियाल (स्पॅनिश चांदीचं नाणं) म्हणजे किती रुपये’ विचारलं की तासाची गाडी अडते. कोरे नकाशे स्टेशनरीच्या दुकानात ठोक घेतले तर स्वस्त पडतात. फक्त जगाचा नकाशा घेताना आशिया मधोमध असलेला मागा.